न वाकणारा गुडघा आणि गडबचे वाल

माझ्या उजव्या गुडघ्याचा फोटो फार छान येतो. हे मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात. दर खेपेला ती काळी फिल्म उजेडासमोर धरतात, मान तिरकी करतात आणि खूश होतात. "बघा बाबा, किती सुरेख बसलाय." मी बघतो. वर लोखंडाची टोपी, खाली लोखंडाचा पाट, मधे फट. सगळं जिथल्या तिथं. मी म्हणतो, "साहेब, फोटोतला नाय दुखत. हा दुखतोय."

ऑपरेशन होऊन तीन वर्षं उलटून गेली. आधी गुडघा दुखायचा तो घासून दुखायचा. हाडावर हाड आलं होतं, बांध चढायचा म्हणजे दोन दगड एकमेकांवर घासावेत तसं वाटायचं. पण ते दुखणं माझं होतं. भातात, चिखलात, ओझ्याखाली मी स्वतः कमावलेलं. बसलो की थांबायचं. आताचं बसलो तरी थांबत नाही. आत कुणी मिरची चोळून ठेवल्यासारखं गरम असतं. सकाळी उठलो की पाय पावसात फुगलेल्या दरवाज्यासारखा, ढकलल्याशिवाय उघडत नाही. आणि गंमत अशी की टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला तळव्याएवढी कातडी पार बहिरी आहे. तिथं बोट लावलं तर दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं. आत बोंबाबोंब आणि बाहेर सामसूम.

आमचं गाव पेणच्या आतल्या अंगाला, गागोद्याच्या बाजूला. इथं गुडघे सगळ्यांचेच गेलेले. भाताच्या लावणीत वाकून वाकून कुणाचे राहतील. पण बदलून आणलेला आमच्या आळीत माझा पहिला. त्यामुळं सुरुवातीला लोक बघायला यायचे. नवीन गाडी घेतल्यावर येतात तसे. "चालवून दाखव." मी पडवीत चार पावलं टाकायचो. "वाजतो का?" वाजतो, म्हणायचो. खट करून वाजायचा, सगळे खूश. दुखतो का, हे विचारायला कुणी थांबत नसे. नवीन गाडी दुखते काय.

माझी बायको त्या गुडघ्याला पाव्हणा म्हणायची. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासूनच. मी खाटेवर कण्हत असायचो आणि ही चुलीपुढून विचारायची, "पाव्हण्याला काय हवंय?" मी चिडायचो. "अगो, जीव जातोय हितं आणि तुला मस्करी सुचते." तर म्हणायची, "परक्या घरी आलाय बिचारा. रुळायला वेळ लागल ना." सहा महिने झाले, वर्ष झालं, पाव्हणा काही रुळेना. तरी तिनं नाव बदललं नाही. मी चहाचा पेला खाली कसा ठेवतो त्यावरून तिला कळायचं. जरा आपटला की तेलाची वाटी घेऊन यायची. मी काही बोलायच्या आधी.

तिनंच मला ऑपरेशनला ढकललं होतं, असं मुलगा म्हणतो. मला तसं वाटत नाही. मी चालत गेलो होतो.

ती गेली भातकापणीच्या तोंडावर. तापाचं निमित्त झालं. सगळ्यांनी मला रडायला सांगितलं, बहिणीनं तर हात धरून सांगितलं, पण रडणं मला जमत नाही. मी भांडतो. ती होती तेव्हा तिच्याशी भांडायचो, आता कोंबड्यांशी भांडतो. कोंबड्या उलट बोलत नाहीत म्हणून मजा येत नाही.

त्या साली भात शेजाऱ्यांनी कापून दिलं. भातानंतर आमच्याकडं त्याच खाचरात वाल टोचतात. पाऊस गेलेला असतो, वर पाणी द्यायचं नसतं, जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दहिवरावर वाल पोसतात. पण ती ओल धरून असते तेवढ्याच दिवसांत टोचायला लागतात. नंतर जमीन पापडासारखी होते. त्या साली कुणाच्या ध्यानात वाल असणार. खाचर तसंच पडून राहिलं.

पुढल्या साली दिवाळी झाल्यावर शेजारची वयनी आली आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढा म्हणाली. ही वयनी मूळची खाडीकडची, मिठागरावरची. लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हापासून माझ्या बायकोची जोडीदारीण. दोघींची जीभ सारखीच. मी म्हटलं, "माझ्यानं शिडी चढवत नाय, तूच काढ." तिनं काढला. डब्यात राखेत घातलेले वाल होते. माझ्या बायकोचं बियाणं.

हे बियाणं गडबचं. तिच्या माहेरचं. लग्नात तिच्या आईनं पदरात मूठभर बांधून दिलं होतं आणि तेव्हापासून दर साली तिनं त्यातलं धरून ठेवलं. बारीक, काळसर, कडू वाल. बिरड्याला एक नंबर. बाजारातलं बी तिनं कधी आमच्या खाचरात पडू दिलं नाही. "बाजारचे वाल शिजतात, पण मुके लागतात," म्हणायची.

वयनीनं डबा सुपात ओतला, राख पाखडली, आणि तोंड वाकडं केलं. अर्ध्याहून जास्त दाण्यांना भोकं पडली होती.

"दोन साल राखेत राहिलं, किडा लागणारच," ती म्हणाली. "या साली टोचलं तर टोचलं, भावजी. पुढल्या साली नुसतं पीठ निघल."

"गडबला मिळल की."

"तिच्या आईचं घर बंद हाय, जमिनीत दुकानाचे गाळे झाले. कोण ठेवतंय तिकडं बी. हाय ते हेच."

तिनं चांगले दाणे निवडून एका तांब्यात भरले. तांब्या पुरता भरला नाही. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारातलं तिच्या माहेरचं जे काही शिल्लक होतं ते तेवढं.

मुलगा रोह्याला असतो, धाटावच्या कंपनीत, शिफ्टवर. त्याला फोन केला.

"ट्रॅक्टरवाल्याला सांगतो बाबा," तो म्हणाला. "नांगरून फेकून देईल."

"तांब्याभर बी हाय. फेकून काय, मोरांना जेवण घालू?"

"मग बायका लावू दोन."

"कुठल्या बायका? सगळ्यांचे वाल एकाच आठवड्यात. ज्याची त्याला पडलेय."

"मग राहू दे ना एक वर्ष."

"एक वर्ष राहिलंय की आधीच," मी म्हटलं.

मागं कंपनीचा भोंगा वाजला. मग तो म्हणाला, "बसवत नाही तुम्हाला, कसं करणार?"

बसवत नाही हेच तर. वाल टोचायचे म्हणजे उकिडवं बसायचं. भाताच्या धसकटाशेजारी टोकदार काठीनं भोक पाडायचं, दोन दाणे सोडायचे, अंगठ्यानं माती दाबायची, आणि न उठता पुढं सरकायचं. माझी बायको हे करता करता वयनीशी गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. दोघी बेडकांसारख्या सरकत सरकत पार दुसऱ्या बांधाला पोचायच्या, तोवर निम्म्या गावाची इज्जत काढून झालेली असायची. मी बांधावर बसून बिडी ओढायचो. वाल टोचणं हे बायकांचं काम, असं आम्ही पुरुष म्हणतो. कमरेचं काम असलं की बायकांचं.

मी शेतात गेलो. तांब्या, काठी, डोक्याला टॉवेल. आधी उकिडवं बसून बघितलं. गुडघा अर्ध्यावर आला आणि नाही म्हणाला. जोर केला तर मी कुशीवर आडवा झालो, तांब्या मात्र वर धरला. मग उभ्यानं कमरेतून वाकून टोचायला लागलो. एक ओळ झाली तर डोळ्यापुढं काजवे. मग म्हटलं रांगू. हात टेकले, डावा गुडघा टेकला, उजवा टेकला, आणि तोंडातून जे शब्द निघाले ते इथं लिहिता येत नाहीत. खडीवर गुडघा टेकला असता तर बरं, असं झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिथून उठता येईना. चार पायांवर तसाच राहिलो.

बांधावरून वयनीचा आवाज आला. "काय भावजी, चरायला उतरलात?"

"हात दे, मग बोल."

"थांबा, आधी बघून घेते. तिला सांगायला हवं होतं हे." आणि तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता मधेच थांबली. मग खाली उतरून मला काखेत धरून उभं केलं.

घरी आल्यावर तिनं निकाल दिला. "लोखंड हाय ते. थंडीत आखडणारच. आमच्याकडं मिठागरावर बाप्यांचे पाय आखडले की खडेमीठ तव्यावर भाजून फडक्यात बांधून शेकायचे. सैल होतं. भरपूर गरम पायजे मात्र, कोमट काय कामाचं नाय."

आमच्याकडं हे सगळ्यांनाच पटण्यासारखं. गुडघ्याला शेक हा खेड्यातला कायदा आहे. तिनं माहेरचं खडेमीठ दिलं, जाड, खड्यांसारखं. दुसऱ्या दिवशी मी तवा तापवला, मीठ तडतडेपर्यंत भाजलं, पुरचुंडी बांधली आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला लावली. काहीच लागेना. म्हटलं निवलं वाटतं. पुन्हा भाजलं. पुन्हा लावलं. काहीच नाही. म्हटलं वयनीचं मीठ पण वयनीसारखं, नुसता आवाज. मग तिसऱ्यांदा भाजून चांगलं दाबून धरलं, रेडिओवर बातम्या होत्या त्या संपेपर्यंत.

फडकं काढलं तर तिथं पेणचा पोह्याचा पापड तळल्यावर फुगतो तसा फोड.

बहिरी कातडी. मी विसरूनच गेलो होतो. पाय माझाच, पण तिथं घरात कुणी राहत नाही, हे ध्यानातच नाही आलं.

वयनी कपाळावर हात मारून घेत आली. "पोळतंय म्हणून बोलायचं नाय?"

"पोळलं असतं तर बोललो असतो की."

"मग लावलं कशाला बाहेरनं? आतनं दुखतंय ना?"

"आतनं कुठनं लावू, तोंडातनं?"

भांडण मस्त झालं. बायको गेल्यापासून इतकं चांगलं भांडण झालं नव्हतं. पण वयनीचा चेहरा उतरला होता. तिनंच मला मिनीडोर रिक्षात बसवलं आणि पेणला डॉक्टरांकडं नेलं. मिनीडोरमध्ये पाय लांब करायला जागा नसते, म्हणून तिनं माझा पाय स्वतःच्या पिशवीवर घेतला आणि समोरच्या माणसाला सांगितलं, "बघू नको, हाणीन."

डॉक्टरांनी पहिल्यांदा फोटो बघितला नाही. पाय बघितला, आणि त्यांचा आवाज चढला. ते इतक्या वर्षांत माझ्याशी कधी तसं बोलले नव्हते. म्हणाले, चीर घेताना कातडीच्या बारीक शिरा कापल्या जातात, म्हणून तिथं कळत नाही. तिथं गरम, थंड काही लावायचं नाही. वरची जखम चिघळली आणि आत लोखंडापर्यंत गेली तर सगळं उघडून बाहेर काढावं लागतं. "कळतंय का बाबा, मी काय म्हणतोय?"

कळत होतं. वयनी कोपऱ्यात उभी होती, तिला जास्त कळत होतं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

पट्टी झाली. पाय उशीवर ठेवून पडून राहायचं, शेतात जायचं नाही, असं फर्मान निघालं. मी उठता उठता विचारलं, "साहेब, एक सांगा. ही आतली आग जाणार कधी?"

दर वेळी ते 'हळूहळू' म्हणायचे. या वेळी खुर्ची ओढून समोर बसले. बहुतेक ओरडल्याचं वाईट वाटलं असेल.

"खरं सांगू? काही माणसांचं राहतं. सांधा नीट बसलेला असतो, रक्तात दोष नसतो, सगळं बरोबर असतं, तरी दुखणं राहतं. प्रत्येकाचं का राहतं, ते आम्हाला सांगता येत नाही. तुमचं बहुतेक राहणाऱ्यातलं आहे."

"म्हणजे मी सोंग नाय करत."

"सोंग कोण म्हणालं?"

"कुणी नाय. पण फोटो बघून सगळे गप बसतात."

त्यांनी चिठ्ठीचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "दुखतं, हे मला मान्य आहे. शिरांचं दुखणं कमी करायची गोळी देतो, व्यायाम चालू ठेवा, चाला. कमी होऊ शकतं. पार जाईल असं मी आता म्हणणार नाही."

"उघडून परत बसवलं तर?"

"दोष सापडला तर उघडायचं. नुसतं दुखतंय म्हणून उघडलं तर बहुधा तेच दुखणं, वर नवीन जखम."

"हे आधी का नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं बाबा. तुमच्या मिसेस इथंच बसल्या होत्या."

सांगितलंही असेल. तेव्हा मला फक्त बांध चढायचा होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तिनं ऐकलं असणार. ऐकून घरी येऊन तिनं त्याचं नाव पाव्हणा ठेवलं.

तुम्हाला विचित्र वाटेल, पण पायऱ्या उतरताना मला हलकं वाटत होतं. तीन वर्षं मी रोज सकाळी उठून, आज पाव्हणा गेला का, म्हणून बघत होतो. आता बघायचं काम नव्हतं. तो राहायलाच आलाय म्हटल्यावर त्याची पिशवी भरून ठेवण्यात काय अर्थ. वयनीला म्हटलं, "चल, भजी खाऊ." ती म्हणाली, "पायाला भोक पाडून घेतलंत आणि भजी?" पण खाल्ली. माझ्यातलीही खाल्ली.

पण इकडं खाचरातली ओल कुणासाठी थांबत नव्हती. मी पडवीत पाय उशीवर ठेवून पडलेला, आणि समोर लोकांचे वाल टोचून होत होते. रोज वयनी माझ्या खाचरातलं ढेकूळ आणून द्यायची. मी हातात चुरून बघायचो. आधी लाडवासारखं दाबलं जायचं. मग दाबल्यावर चिरा पडायला लागल्या. आणि एक दिवस हातात पिठूळ झालं, नुसतं मधे थोडं काळं राहिलं.

"गेलं," मी म्हटलं.

"खाली हाय अजून. धसकटाच्या मुळाशी. उद्या-परवा नाय झालं तर मग गेलं."

नेमका त्या दुपारी मुलगा आला. पहिली पाळी करून तसाच मोटारसायकलवर रोह्याहून. कंपनीचे बूट अजून पायात. वयनीनं फोन केला होता, मी नाही. आल्या आल्या पट्टी बघितली आणि सुरू झाला. "बास झालं. घर बंद करा आणि रोह्याला चला. इथं एकटे राहून पाय भाजून घ्यायचे. वाल वाल काय लावलंय. किलोभर आणून देतो."

"आणून दे," मी म्हटलं. "आईचे आणून दे."

 तो पडवीच्या कडेला बसला आणि बूट काढायला लागला. बराच वेळ एकच बूट काढत होता.

वयनी तिथंच कांदे निवडत होती. ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "बसवत नाय तर उभ्यानं टोचा. कोण बघायला आलंय."

"उभ्यानं दाणा सोडला की उडतो. भोकात जात नाय," मी म्हटलं.

"नळीतनं सोडा मग. तेल नाय ओतत का आपण नरसाळ्यातनं?"

मुलानं मान वर केली. माझ्या ऑपरेशनच्या वेळी घरामागं खुर्चीचा संडास बांधला होता, त्याचे उरलेले पाइप भिंतीला टेकून पडले होते. सगळ्यात बारीक होता तो त्यानं आणला, मला उभं केलं, कमरेपर्यंत मापला आणि करवतीनं कापला. वरच्या टोकाला प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून बसवलं. मी पडवीतच एक दाणा सोडून बघितला. टुक करून खाली पडला. कोंबडी धावत आली.

"बघ, हिला पण पटलं," वयनी म्हणाली.

डॉक्टरांनी शेतात जाऊ नको म्हटलं होतं, त्यावर मुलानं पट्टीवरून प्लास्टिक गुंडाळलं, वर माझी जुनी लुंगी बांधली आणि म्हणाला, "माती लागली तर मी तुम्हाला उचलून रोह्याला नेईन." धमकी चांगली होती.

तो पहार घेऊन पुढं. धसकटाच्या मुळाशी भोक पाडायचं. मी त्याच्या मागं नळी टेकवून उभा, दोन दाणे आत. टुक, टुक. वयनी माझ्या मागं, पायाच्या अंगठ्यानं माती लोटून दाबणारी. पहिली ओळ वाकडी गेली. मुलगा कंपनीतला, त्याला सरळ रेषेचं वेड, तो दर वेळी मागं वळून बघे. वयनी म्हणाली, "अरे, वाल वर आल्यावर वाकडे नाय दिसत. चल पुढं."

गुडघा दुखत होता. उभं राहूनही दुखतोच तो. पण उभं राहून दुखणं आणि चार पायांवर अडकून दुखणं यात फरक आहे. एक सोसता येतं.

अर्धं खाचर झालं तेव्हा दम खायला थांबलो. मुलगा पहारीवर हात टेकून उभा होता. म्हणाला, "बाबा, दुखतं म्हणजे नक्की कसं दुखतं?"

तीन वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं. म्हणजे 'कसं आहे' विचारायचा, मी 'बरं आहे' म्हणायचो, तेवढं व्हायचं.

"तुमच्या कंपनीत नट जास्त आवळला तर काय होतं?"

"आतलं पॅकिंग फाटतं. गळायला लागतं."

"तसं. कुणीतरी आवळून ठेवलाय आणि पाना घेऊन निघून गेलाय. बघायला जावं तर पॅकिंग शाबूत. पण गळतंय."

"रोज?"

"रोज. कधी कमी, कधी जास्त. सकाळी जास्त."

त्यानं पहार मातीत खुपसली, परत काढली. "आईला माहीत होतं?"

"तिला सांगावं लागत नसे."

"मला सांगावं लागेल," तो म्हणाला. "मला नाही कळत तसं."

"तू शिफ्टला असतोस."

"तरी सांगा. लांबलचक नको. आज कमी, आज जास्त, एवढंच."

मागून वयनी म्हणाली, "बापलेकांचं झालं असेल तर हलवा. ओल काय तुमच्यासाठी थांबलेय."

दिवस मावळायच्या आत तांब्या रिकामा झाला. खाचराचा कोपरा तसाच राहिला, बी पुरलं नाही. मुलगा त्या दिवशी मला घेऊन न जाता एकटाच रोह्याला गेला. जाताना म्हणाला, "ते उगवेपर्यंत राहा." उगवल्यावर काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

उगवले. सगळे नाहीत. कुठं दोन रोपं, कुठं एक, कुठं हातभर मोकळं. एका ठिकाणी सात एकदम, तिथं माझा हात निसटला होता. मोरांनी त्यांचा वाटा घेतला. मी रोज सकाळी काठी घेऊन बांधावर जायचो आणि फोन करून सांगायचो, आज जास्त, पण शेंगा धरल्यात. आज कमी, पण मोर आलेत. तो समोरून 'बरं' म्हणायचा. ते 'बरं' मला चालतं.

थंडी पडली आणि शेंगा भरल्या तशी पोपटीची पोरं यायला लागली. आमच्याकडं या दिवसांत मडक्यात भामरुडाचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात. मुलगाच कंपनीतले चार मित्र घेऊन मडकं घेऊन आला. मी खाचराच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहिलो. "एका शेंगेला हात लावायचा नाय. बियाणं हाय ते."

मित्र बिचारे मडकं धरून उभे. मुलगा लाजला.

वयनी बांधावर आली आणि हळूच म्हणाली, "भावजी, तिच्या खाचरातून कुणी रिकामं गेलेलं मी बघितलं नाय."

मला राग आला, कारण खरं होतं. मी घरी गेलो, फाटक्या लुंगीच्या चिंध्या केल्या, आणि सगळ्यात भरलेल्या रोपांना एकेक बांधत गेलो. चिंधीवाल्याला हात लावाल तर याच काठीनं, असं सांगितलं. बाकीच्या तोडा. पोरांनी इतक्या जपून शेंगा तोडल्या की जणू त्या वेलीला वीज होती. संध्याकाळी सगळे जाळाभोवती उकिडवे बसले, मी प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय लांब करून. मडकं फोडल्यावर पहिली मूठ मला दिली. दाणे तेच होते. कडू, आणि मग मागाहून गोड. मी जरा धुराकडं तोंड केलं. धूर फार होता.

फाल्गुनात चिंधीवाल्या शेंगा वाळल्या. खुर्चीत बसून काठीनं झोडल्या. तांब्याभर पेरलेल्याचे दोन डबे निघाले. मी म्हटलं, या वेळी एका घरात ठेवायचे नाहीत. एक डबा राखेत घालून माझ्या माळ्यावर, माळ्यावर म्हणजे आता कपाटात, माझ्या हाताला येईल असा. दुसऱ्यातले निम्मे वयनीला. ती म्हणाली, "माझ्याकडं पण किडा लागला तर?" म्हटलं, "तुझ्या घरात किडा शिरायची हिंमत करायचा नाय." आणि मूठभर सुनेला, पाण्याच्या बाटलीत भरून रोह्याला धाडले.

सुनेनं काय केलं, तर त्यातले चार काढून आषाढात फ्लॅटच्या गॅलरीत रंगाच्या बादलीत लावले. परवा तिचा फोन आला. वेल ग्रिलवर चढून वरच्या मजल्यापर्यंत गेलाय, पण नुसता पाला, एक फूल नाही. वरची बाई भांडायला आली. "काय चुकलं, बाबा?"

"चुकलं काय नाय," मी म्हटलं. "वाल थंडीत धरतात, आता कशाला धरतील. पण चारपैकी किती आले?"

"चारही आले."

"मग झालं तर. बी जिवंत हाय."

"आणि गुडघा?"

"आज जास्त."

"मग आज शेतावर जाऊ नका, पाऊस आहे."

"जाऊन आलो," मी म्हटलं.